तुटलेल्या मज्जारज्जूखालचे जिवंत स्नायू

अपघातात मज्जारज्जू चिरडला गेला की इजेच्या खालचे शरीर निकामी झाले असे आपण धरून चालतो. शरीरशास्त्र वेगळे सांगते. छातीच्या सहाव्या मणक्याशी इजा झालेल्या माणसाचा मांडीचा स्नायू जागच्या जागी असतो. त्याला रक्तपुरवठा होत असतो. मज्जारज्जूच्या खालच्या भागातून निघून त्या स्नायूपर्यंत जाणारी नसही बहुतेक वेळा शाबूत असते. तुटलेली असते ती फक्त मेंदूपासून त्या नसेच्या मुळापर्यंत येणारी वाट. स्नायू आकुंचन पावायला तयार आहे, नस निरोप पोहोचवायला तयार आहे, पण निरोपच येत नाही.

मग हा निरोप बाहेरून देता येईल का? या एका प्रश्नातून गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पुनर्वसनाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. तिला फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, थोडक्यात एफईएस, म्हणतात. बाहेरून दिलेल्या विजेच्या बारीक स्पंदांनी लकवा झालेल्या स्नायूकडून उपयोगाचे काम करून घेणे, एवढाच तिचा अर्थ. उभे राहणे, पेला उचलणे, लघवी करणे, श्वास घेणे ही सगळी कामे त्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. आपल्या देशात रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे ही त्याची दोन मोठी कारणे आहेत, आणि या माणसांमध्ये ऐन उमेदीतले तरुण फार आहेत. त्यामुळे या शाखेत काय शक्य झाले आणि काय झाले नाही, हे नीट माहीत असणे मला फार गरजेचे वाटते.

आधी रचना पाहू. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढ्या जाडीचा असतो. तो माकडहाडापर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्यापासून नसांच्या ३१ जोड्या निघतात. हालचालीचा हुकूम दोन टप्प्यांत जातो. मेंदूतली चेतापेशी आपला लांब तंतू मज्जारज्जूत खाली पाठवते, आणि तिथे दुसरी चेतापेशी तो निरोप घेऊन थेट स्नायूपर्यंत नेते. मानेत किंवा छातीच्या पातळीवर इजा झाली की पहिला टप्पा तुटतो. दुसऱ्या टप्प्यातल्या पेशी इजेच्या खाली, मज्जारज्जूतच, जिवंत राहतात. त्यांना मेंदूकडून काही ऐकू येत नाही, पण त्वचेकडून आणि स्नायूंकडून येणारे संदेश पोहोचतच असतात. म्हणून तर लकवा झालेला पाय कधी कधी आपोआप झटका देतो, ताठ होतो, थरथरतो. घरच्यांना वाटते की पाय परत यायला लागला. त्या झटक्यावरून मेंदूची वाट उघडल्याचे मात्र ठरत नाही. खालच्या पेशी आणि नसा काम करत आहेत एवढे त्यातून नक्की कळते, आणि एफईएसला तेवढेच हवे असते.

विजेने स्नायू हलतो हे ज्ञान जुने आहे. बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. त्यांचे भाचे जिओव्हानी अल्दिनी यांनी १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर विजेचे प्रयोग केले, आणि प्रेताचा जबडा व हात हलताना पाहून लोक हादरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये ड्युशेन यांनी त्वचेवर ओलसर इलेक्ट्रोड ठेवून एकेक स्नायू वेगळा आकुंचित करून दाखवला आणि कोणत्या स्नायूचे काम काय याचा नकाशाच तयार केला. पण हुकमी वेळी, हव्या त्या क्रमाने आणि हव्या तेवढ्या जोराने स्नायू चालवायचा तर हलके, अंगावर बाळगता येईल असे इलेक्ट्रॉनिक यंत्र लागते. त्यासाठी ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली.

यंत्रातून जाणारी वीज कशी असते? एक स्पंद साधारण २०० ते ४०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा. असे स्पंद सेकंदाला २० ते ५० वेळा दिले की स्नायूची सुटी सुटी थरथर एकमेकीत मिसळते आणि सलग आकुंचन मिळते. मांडीसारख्या मोठ्या स्नायूला त्वचेवरून शंभर मिलिअँपिअरच्या पुढेही जावे लागते. प्रत्येक स्पंद आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने जाईल असा आखलेला असतो. एकाच दिशेने विद्युतभार साचत गेला तर इलेक्ट्रोडखाली रासायनिक क्रिया होऊन त्वचा भाजते. संवेदना नसलेल्या त्वचेवर ते भाजणे रुग्णाला कळतही नाही.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. इलेक्ट्रोड स्नायूवर लावलेला दिसत असला तरी एवढा छोटा स्पंद स्नायूला चेतवत नाही. तो स्नायूत शिरणाऱ्या नसेच्या फांद्यांना चेतवतो आणि नस स्नायूला. स्वतः स्नायूचा तंतू इतका संथ असतो की त्याला थेट चेतवायचे तर स्पंद शेकडो पटींनी लांब हवा. म्हणून नस जिवंत असणे ही एफईएसची पहिली अट ठरते. इजा कमरेच्या वरच्या मणक्यांशी, मज्जारज्जूच्या शेपटाला किंवा तिथून निघणाऱ्या नसांच्या जुडग्याला झाली असेल तर दुसऱ्या टप्प्यातल्या पेशी किंवा त्यांचे तंतूच मरतात. पाय लुळा, सैल पडतो आणि नेहमीचे यंत्र लावून काहीही हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही रुग्ण सारखेच चाकाच्या खुर्चीत बसलेले दिसतात, आणि एकाला लागू पडलेले यंत्र दुसऱ्याला का लागू पडत नाही याचे कोडे कुटुंबाला सुटत नाही. आपल्याकडच्या फिजिओथेरपी विभागांत फॅराडिक करंट आणि गॅल्व्हॅनिक करंट असे दोन शब्द नेहमी कानावर पडतात. त्यांच्यातला फरक हाच: छोटे स्पंद नस शाबूत असलेल्या स्नायूसाठी, लांब स्पंद नस गेलेल्या स्नायूसाठी.

नस गेलेल्या स्नायूंकडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती तेव्हा व्हिएन्नाच्या हेल्मुट केर्न यांनी त्यांच्यावर चिकाटीने काम केले. मोठे इलेक्ट्रोड आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहून लांब स्पंद देणारी खास यंत्रे करून रुग्णांनी घरच्या घरी दोन वर्षे व्यायाम केला. ज्या वीस जणांनी हा क्रम पुरा केला त्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंचा छेद सरासरी ३५ टक्क्यांनी वाढला, आणि त्यातले काही जण यंत्राच्या साहाय्याने उभे राहू शकले. नस गेलेला स्नायू इतका परत भरू शकतो यावर त्याआधी फार थोड्यांचा विश्वास होता.

आता या पद्धतीच्या सगळ्यात मोठ्या अडचणीकडे वळतो: थकवा. निरोगी माणूस तासभर उभा राहू शकतो. विजेने उभा केलेला माणूस काही मिनिटांत थकतो. असे का व्हावे? आपल्या स्नायूतले तंतू लहान-मोठ्या गटांत विभागलेले असतात आणि प्रत्येक गटाची स्वतःची चेतापेशी असते. मेंदू हे गट आळीपाळीने कामाला लावतो. पालखीचे भोई जसे खांदा बदलत जातात आणि पालखी मात्र खाली येत नाही, तसे. शिवाय तो आधी न दमणारे छोटे गट बोलावतो आणि जोर लागलाच तर मोठे गट मागवतो. हा क्रम अमेरिकेतले एलवूड हेनेमन यांनी उलगडला. बाहेरून आलेल्या विजेला हा शहाणपणा नसतो. तिला जाड तंतू लवकर सापडतात, म्हणजे नेमके मोठे आणि लवकर दमणारे गट. तेही सगळे एकाच क्षणी चेततात, आणि पुढच्या स्पंदाला पुन्हा तेच. विश्रांती कुणालाच नाही. त्यात भर अशी की इजेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच स्नायू झपाट्याने आटतो आणि त्याचे चिवट तंतूही हळूहळू लवकर दमणाऱ्या जातीत बदलतात. रोज ठरावीक वेळ उद्दीपन दिले की हा बदल बराचसा मागे फिरवता येतो, त्यासाठी महिनोन्‌महिने नेम धरावा लागतो. यंत्र आणले, आठवडाभर लावले आणि फरक नाही म्हणून कपाटात ठेवले, असे करून हाती काही लागत नाही.

पहिला प्रयत्न मज्जारज्जूच्या रुग्णांवर झालाच नव्हता. १९६१ साली व्लादिमिर लिबरसन यांनी अर्धांगवायूनंतर पाऊल लोंबणाऱ्या रुग्णांसाठी बुटाच्या टाचेखाली एक बटण बसवले. टाच उचलली की गुडघ्याखालच्या बाहेरच्या बाजूच्या नसेला स्पंद जायचा, पाऊल वर उचलले जायचे आणि बोटे जमिनीला घासायची थांबायची. त्याच सुमारास न्यू यॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी कमरेखाली लकवा झालेल्या रुग्णाला मांडी आणि नितंबांच्या स्नायूंना वीज देऊन काही मिनिटे उभे केले.

चालण्याचे खरे काम मात्र तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना शहरात झाले. तिथे लोयझे वोदोव्हनिक यांनी या विषयाची शाळाच उभी केली होती, आणि पुढे अलोइझ क्राल्य व तादेय बाय्द यांनी १९८०च्या आसपास फक्त चार वाहिन्यांच्या यंत्रावर संपूर्ण लकवा झालेल्या माणसांना पावले टाकायला लावली. त्यांची युक्ती पाहून मन आदराने भरून येते. उभे राहण्यासाठी दोन्ही मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना वीज द्यायची म्हणजे गुडघे ताठ राहतात. पण पाऊल टाकायचे तर खुबा, गुडघा आणि घोटा तिन्ही एकदम वाकले पाहिजेत. खुबा वाकवणारा स्नायू पोटाच्या आत खोल असतो, त्वचेवरून तो हाती लागत नाही. मग त्यांनी पायाच्या नसेतल्या संवेदनेच्या तंतूंना जोराचा स्पंद दिला. तळपायाला काटा टोचला तर पाय जसा झटकन वर ओढला जातो, तशी ती प्रतिक्षिप्त क्रिया होते. ती मेंदूला विचारून होत नाही. तिचा सगळा आराखडा मज्जारज्जूच्या खालच्या भागात आधीपासूनच असतो. इजेखालच्या मज्जारज्जूकडे उरलेले ज्ञान त्यांनी असे कामाला लावले. वॉकरच्या दांड्यावरचे बटण रुग्ण स्वतः दाबायचा आणि पाय उचलला जायचा.

जगाला ही गोष्ट कळली ती अमेरिकेतून. ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठात जेरोल्ड पेट्रोफस्की यांनी संगणकाला जोडलेली उद्दीपन-यंत्रणा तयार केली होती. नॅन डेव्हिस ही तिथली विद्यार्थिनी मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये तिने या यंत्रणेवर काही पावले टाकली आणि पुढच्या वर्षी पदवीदान समारंभात आधार घेत, चालत जाऊन पदवी स्वीकारली. दूरदर्शन वाहिन्यांनी ते दृश्य घरोघर पोहोचवले, त्यावर चित्रपटही निघाला. त्या एका दृश्याने जगभरच्या रुग्णांना केवढी उमेद दिली असेल! त्याच दृश्याने एक गैरसमजही पसरवला, की आता चालणे जवळ आले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेले पॅरास्टेप हे यंत्र याच वाटेवरचे होते. ते लावून बरेच जण चालले, पण चालीचा वेग अगदी कमी आणि लागणारी ऊर्जा नेहमीच्या चालण्याच्या कित्येक पट. शरीराचा भार हातांवरच पेलावा लागे. घरातून दुकानापर्यंत जायला चाकाची खुर्ची याहून कितीतरी सुखाची, आणि हे रुग्णांनी यंत्र बाजूला ठेवून आपल्या कृतीतून सांगितले. उभे राहण्याचा व्यायाम म्हणून, शेल्फवरची वस्तू काढण्यासाठी, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलण्यासाठी त्याचे मोल आहेच. वाहन म्हणून ते टिकले नाही.

माझ्या मते या शाखेचे मोठे यश चालण्यात नाही, जिथे कॅमेरे कमी गेले तिथे आहे. २००४ साली किम अँडरसन या संशोधक बाईंनी, ज्या स्वतः मज्जारज्जूच्या इजेसह जगतात, ६८१ रुग्णांना विचारले: तुमचे आयुष्य सगळ्यात जास्त कशाने सुधारेल? हातापायांत लकवा असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हाताचे काम परत मिळण्याला पहिला क्रम दिला. कमरेखाली लकवा असलेल्यांच्या यादीत लैंगिक क्षमता सर्वात वर होती. मूत्राशय, आतडी आणि धडाची ताकद दोन्ही गटांना महत्त्वाची वाटली. धडधाकट माणूस खुर्चीकडे पाहतो आणि त्याला पाय दिसतात. खुर्चीत बसलेल्या माणसाला दिवसातून चार-सहा वेळा लघवीची नळी घालावी लागते, आणि ती घालायला बोटांत पकड नसते.

पकडीवर सर्वात मोठे काम क्लीव्हलँडमध्ये झाले. तिथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे हंटर पेकहॅम यांनी मानेच्या पाचव्या-सहाव्या पातळीवर इजा झालेल्यांसाठी फ्रीहँड नावाची यंत्रणा तयार केली. अशा माणसाचा खांदा चालतो, कोपर वाकते, पण बोटे चालत नाहीत. छातीच्या त्वचेखाली उद्दीपक बसवायचा, त्याच्या तारा आतूनच हातापर्यंत न्यायच्या आणि आठ इलेक्ट्रोड बोटे व अंगठा हलवणाऱ्या स्नायूंवर शिवायचे. हुकूम कोण देणार? तर दुसऱ्या बाजूचा खांदा. खांद्यावर लावलेला छोटा संवेदक त्याची हालचाल टिपतो आणि त्या प्रमाणात हाताची मूठ उघडते वा मिटते. दोन प्रकारच्या पकडी मिळत. किल्ली किंवा चमचा धरायला अंगठा तर्जनीच्या कडेवर, आणि पेला धरायला पंजा समोरासमोर. पहिले रोपण १९८६ मध्ये झाले आणि १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोनशेहून अधिक लोकांनी ती बसवून घेतली. कुणी स्वतःच्या हाताने जेवू लागले, कुणी लिहू लागले. आणि मग २००१ मध्ये ती बनवणारी कंपनी या व्यवसायातून बाहेर पडली. ग्राहक थोडे, शस्त्रक्रिया महाग, नफा नाही. ज्यांच्या अंगात यंत्र होते त्यांच्या सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. यंत्र उत्तम चालत असताना बाजारातून गेले, ही हकीकत या शाखेतल्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असते आणि ती प्रत्येक रुग्णालाही ठाऊक असावी.

मूत्राशयाची कथा याहून विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेली माणसे बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत. मारायचा तो लकवा नव्हे, मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या शय्याव्रणांतून पसरणारे विष. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी कुशी बदलणे आणि मूत्राशयाची काळजी यांची कडक शिस्त लावून ही माणसे जगवली. पण मूत्राशय पूर्ण रिकामे होणे हा प्रश्न उरलाच. लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी त्यावर माकडहाडाजवळच्या नसांच्या मुळांशी इलेक्ट्रोड बसवण्याची कल्पना काढली. १९७८ मध्ये ती माणसात यशस्वी झाली.

तिच्यात एक अडचण होती जी सुटणारच नाही असे वाटावे. ज्या मुळांतून मूत्राशयाला आकुंचनाचा निरोप जातो त्याच मुळांतून लघवी रोखून धरणाऱ्या झडपेच्या स्नायूलाही निरोप जातो. वीज दिली की मूत्राशय दाबते आणि झडपही घट्ट मिटते. ब्रिंडली यांनी दोन स्नायूंच्या स्वभावातला फरक हेरला. झडपेचा स्नायू हातापायाच्या स्नायूंच्या जातीचा, चपळ. वीज थांबली की क्षणात सैल पडतो. मूत्राशयाची भिंत संथ स्नायूची, वीज थांबल्यावरही काही सेकंद दाबत राहते. म्हणून वीज काही सेकंद द्यायची, थांबवायची, पुन्हा द्यायची. प्रत्येक विरामात झडप उघडी आणि मूत्राशय अजून दाबत असलेले, आणि लघवी टप्प्याटप्प्याने बाहेर येते. रुग्ण त्वचेवर एक छोटे यंत्र धरतो, बटण दाबतो आणि मूत्राशय जवळजवळ पूर्ण रिकामे होते. नळी नाही, साचलेली लघवी नाही, संसर्ग कमी. जगभरात हजारांहून अधिक लोकांनी हे रोपण करून घेतले. याची किंमतही सांगितली पाहिजे. मूत्राशयाचे आपोआप होणारे आकुंचन थांबवण्यासाठी सहसा त्याच शस्त्रक्रियेत संवेदना नेणारी मुळे कापावी लागतात. त्याने पुरुषांची प्रतिक्षिप्त लिंगताठरता जाते, आणि इजा अपूर्ण असेल तर उरलीसुरली संवेदनाही. रुग्णांनी कशाला प्राधान्य दिले होते ते आठवले की हा निर्णय किती जड आहे ते कळते.

मानेच्या अगदी वरच्या भागात इजा झाली तर श्वासच थांबतो, कारण श्वासपटलाची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. या नसेला किंवा श्वासपटलाला ठरावीक लयीत स्पंद देऊन व्हेंटिलेटर दिवसाचे काही तास, काहींचा तर कायमचा, सोडवता येतो. येल विद्यापीठाचे विल्यम ग्लेन यांनी १९६०च्या दशकात या कामाचा पाया घातला. सुपरमॅनच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध असलेले ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लकवाग्रस्त झाले होते. २००३ मध्ये त्यांच्या श्वासपटलावर असे इलेक्ट्रोड बसवले गेले. हवा पुन्हा नाकातून आत येऊ लागली आणि कित्येक वर्षांनी त्यांना वास घेता आला.

सायकल हे यातले सर्वात सोपे आणि सर्वात प्रचलित साधन. मांडीचे पुढचे-मागचे आणि नितंबांचे स्नायू पेडलच्या कोनाप्रमाणे क्रमाने चेतवले जातात आणि लकवा झालेले पाय खरोखर पेडल मारतात. सराव झालेला माणूसही साधारण दहा ते तीस वॉट एवढीच शक्ती काढतो, हौशी निरोगी सायकलस्वार सहज शंभर वॉट काढतो. तरी हृदयाला व्यायाम होतो, स्नायू भरतात, नितंबांवर मांसाची गादी वाढल्याने शय्याव्रणांचा धोका घटतो. हाडांचे तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. इजेनंतर गुडघ्याजवळची हाडे इतकी ठिसूळ होतात की पाय उचलून ठेवतानाही मोडू शकतात. युरोपातल्या एका अभ्यासात ११ जणांनी वर्षभर, आठवड्यातून सरासरी तीन-चार वेळा, तासभर अशी सायकल चालवली. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची आतली घनता १४ टक्क्यांच्या आसपास वाढली. नडगीच्या हाडात तेवढा फरक पडला नाही, बहुधा पेडल मारताना त्याच्यावर पुरेसा भार येत नाही म्हणून.

८ ऑक्टोबर २०१६ रोजी झ्युरिकजवळच्या क्लोटन इथे सायबॅथलॉन या स्पर्धेत पायांनी लकवाग्रस्त असलेल्या स्पर्धकांची एफईएस सायकल शर्यत झाली. अंतर ७५० मीटर. क्लीव्हलँडच्या संघाचे मार्क म्यून तीन मिनिटांच्या आत पहिले आले. बहुतेक स्पर्धकांचे इलेक्ट्रोड त्वचेवर चिकटवलेले होते, म्यून यांचे शरीराच्या आत, नसांजवळ बसवलेले होते. आत बसवलेला इलेक्ट्रोड नेमक्या तंतूंना पकडतो, म्हणून थकवा उशिरा येतो.

हे सगळे वाचून कुणी परस्पर यंत्र विकत आणू नये. छातीच्या सहाव्या पातळीशी किंवा तिच्या वर इजा असलेल्यांना खालच्या अंगावरच्या तीव्र उद्दीपनाने रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. डोके ठणकू लागते, चेहऱ्यावर घाम येतो, आणि वेळीच थांबवले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पेसमेकर, न जुळलेले हाड, फार ठिसूळ झालेली हाडे, उघडी जखम या सगळ्यांची आधी तपासणी व्हावी लागते. दुखण्यासाठी लावतात ते टेन्स किंवा आयएफटीचे यंत्र वेगळ्या कामाचे. पाठीला शेक घेताना लावलेल्या त्या यंत्राने स्नायू भरतील अशी आशा धरू नये. आपल्याकडे मुंबईत हाजी अली इथली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, आणि पुण्याजवळ खडकीला जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी काम करत आहेत. रुग्णाच्या कोणत्या स्नायूंच्या नसा शाबूत आहेत हे फिजिओथेरपिस्ट इलेक्ट्रोड लावून तपासू शकतात. हा प्रश्न घरच्यांनी पहिल्या काही महिन्यांतच विचारावा, कारण आटलेला स्नायू परत भरण्यापेक्षा आटू न देणे पुष्कळ सोपे.

अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत संशोधकांची नजर स्नायूंवरून मज्जारज्जूकडे गेली आहे. २०११ मध्ये केंटकीच्या लुइव्हिल इथे सुझन हार्केमा यांच्या गटाने रॉब समर्स या तरुण बेसबॉलपटूच्या मज्जारज्जूच्या आवरणावर, कमरेच्या भागात, सोळा इलेक्ट्रोडची पट्टी बसवून काय घडले ते प्रसिद्ध केले. उद्दीपन चालू असताना तो आपला भार पेलून उभा राहिला, आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे स्वतःच्या इच्छेने पाय हलवू लागला. वीज इथे स्नायूला हुकूम देत नव्हती. खालच्या चेतापेशींना ती जागे ठेवत होती, म्हणजे इजेतून वाचलेल्या, तपासणीत न दिसणाऱ्या मोजक्या तंतूंतून आलेला मेंदूचा क्षीण निरोप त्यांना ऐकू जावा. स्वित्झर्लंडमध्ये लोझानचे ग्रेग्वार कोर्तीन आणि शल्यविशारद जोसलिन ब्लॉक यांनी चालण्याच्या लयीनुसार वेगवेगळ्या मुळांना वेगवेगळ्या क्षणी स्पंद देऊन २०१८ मध्ये रुग्णांना चालवले. २०२३ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या मेंदूवरच्या संवेदकाचा निरोप थेट या उद्दीपकाशी जोडला. त्याआधी, २०१७ मध्ये, क्लीव्हलँडच्या गटाने बिल कोचेवर यांच्या मेंदूतले संकेत वाचून हातातल्या छत्तीस इलेक्ट्रोडना हुकूम दिले होते. खांद्याखाली आठ वर्षे लकवाग्रस्त असलेल्या कोचेवर यांनी नुसत्या विचाराने हात हलवला, काटा उचलला आणि उकडून कुस्करलेला बटाटा स्वतःच्या हाताने खाल्ला.

शस्त्रक्रियेशिवाय, मानेच्या त्वचेवरून मज्जारज्जूला उद्दीपन देण्याची पद्धतही आता अभ्यासांतून तावूनसुलाखून निघाली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातापायांत लकवा असलेल्या ६० जणांनी भाग घेतला. उद्दीपनासोबत नेटाने हाताचा व्यायाम केल्यावर त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारले, आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत या यंत्राला मान्यता मिळाली. भाग घेणाऱ्यांमध्ये अपघाताला ३४ वर्षे होऊन गेलेली माणसेही होती, आणि फायदा झालेल्यांत त्यांचाही समावेश होता. पूर्वी डॉक्टर सांगत की जे सुधारायचे ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सुधारेल, पुढे फारसे नाही. आता जुन्या इजेच्या रुग्णांनाही या चाचण्यांत घेतले जाते.